खुर्चीवरचे अब्बा

आमच्या घरात सध्या माझ्याशिवाय पान हलत नाही. टीव्हीचं कनेक्शन गेलं, कुणाचा फोन अडकला, की हाक माझ्याच नावाने, "जुनेरा!" शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ मी एडिट केला आणि मुख्याध्यापिकांनी स्टेजवरून नाव घेतलं, तेव्हापासून तर मला काहीही जमतं असं मलाच वाटायला लागलं होतं.

म्हणून माझ्या मोठ्या बहिणीच्या, जवेरिया आपाच्या लग्नाची फिल्म माझ्याकडे आली. आमच्या रेवदंड्यात ज्या घरातलं माणूस गल्फला आहे, त्या घरात लग्नाच्या फिल्मला जेवणाइतकाच मान. खरा पाहुणा तिकडे बसलेला असतो ना! अब्बांना कुवेतहून सुट्टी मिळाली नाही. मग पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांची. खुर्चीत तक्क्या, तक्क्याला टेकवलेला नजमुद्दीन मामूंचा फोन, आणि फोनमध्ये व्हिडिओ कॉलवर इस्त्रीचा शर्ट घातलेले अब्बा. येणारा-जाणारा खुर्चीला सलाम करत होता. मामूंनी तर फोनसमोर बिर्याणीची प्लेट धरली. "खाऊन घ्या भावजी, मागून बोलाल विचारलं न्हाय." अब्बा तिकडे इतके हसले की फोन घसरला.

रुखसतीच्या, म्हणजे पाठवणीच्या वेळी आपा त्या खुर्चीपाशी थांबली. वाकून फोन उचलला आणि छातीशी घट्ट धरला. अख्खा मांडव रडला. मीही रडले, पण कॅमेऱ्याचा हात हलू दिला नाही. संध्याकाळी अब्बांचा फोन आला. "सगळं बघितलं बेटा. आपा निघाली, तेसुद्धा."

माझ्या फिल्मचा शेवट तिथेच ठरला. आपा खुर्चीपाशी येते, चित्र हळूहळू मोठं होत जातं, आणि शेवटी पडदाभर फक्त अब्बांचा चेहरा, लेकीकडे बघणारा. शूटिंग फोरकेमध्ये होतं, त्यामुळे एवढं मोठं केलं तरी चेहरा फाटणार नव्हता. पण आमचा लॅपटॉप आठ जीबी मेमरीचा. झूम लावला की पंखा घरघरायचा, चित्र गोठायचं आणि सॉफ्टवेअर आपोआप बंद.

"मेमरी वाढवायला लागेल," मी अम्मीला म्हटलं.

"गो, फिल्म झालीय ना? आणखी काय पाहिजे तुला?"

"अब्बा दिसायला नकोत त्यात? लोक काय म्हणतील, बाप कुठाय?"

अम्मी मासळी साफ करायची थांबली. "मग जा, घाल काय ती."

अब्बा मात्र ऐकेनात. "नको बेटा झूमबिम. साधीच पाठव. सगळी पाठव, कापू नको, बस." मला वाटलं, खर्च वाचवतायत. नेहमीचंच. मी लॅपटॉप दप्तरात घातला आणि शाळा सुटल्यावर मिनीडोर रिक्षा पकडून थेट अलिबाग.

सिद्धेशदादाचं रिपेअरिंगचं दुकान स्टँडच्या मागे. आमच्या शाळेचे कॉम्प्युटर तोच बघतो. त्याने खालचं झाकण उघडलं.

"पिक्चर काढतेस की काय? एवढी कशाला लागते?"

"बघाच तुम्ही दादा, रडाल."

"आधी लावून बघ. फरक न्हाय पडला तर काढून घेईन."

त्याने मेमरीची नवी पट्टी बसवली. मी फाइल उघडली, झूम लावला. पंखा शांत. चित्र लोण्यासारखं सरकत मोठं झालं. मी ओरडणार होते.

खुर्चीतला फोन पडदाभर झाला. त्यात अब्बा नव्हते. काळी स्क्रीन होती, आणि मधोमध एक पांढरं वर्तुळ गोल गोल फिरत होतं.

मी फिल्म मागे नेली. आपा दारातून बाहेर येते, तेव्हाही वर्तुळ. अम्मीच्या गळ्यात पडते, तेव्हाही. मांडवात एवढे फोन चालू होते, रेंज कुठून पुरणार? मग आपा खुर्चीपाशी येते. वाकते. आणि आता इतक्या जवळून मला तिची नजर दिसली. तिने स्क्रीन बघितली, मागे अम्मीकडे बघितलं, आणि मगच फोन उलटा करून छातीशी दाबून धरला.

सिद्धेशदादा मागे उभा होता.

"काढून टाका दादा," मी म्हटलं.

"अगो, आता तर चाललंय!"

"माहीत आहे. काढा."

परतताना चौलच्या वाड्यांमध्ये अंधारून आलं होतं. मिनीडोरमध्ये मी दप्तर मांडीवर घेऊन बसले होते आणि मला कुणाशीही बोलायचं नव्हतं.

फिल्म मी आठ जीबीवरच पुरी केली. क्वालिटी उतरवली, झूम काढला. लांबून तो फोन नुसता काळा ठिपका दिसतो, कुणी विचारणार नाही. रुखसत मात्र एका जागीही कापली नाही. आपा दारातून निघते तिथपासून गाडी वळेपर्यंत, सगळी.

शुक्रवारी अब्बांनी ती बघितली आणि कॉल केला. अम्मी माझ्या खांद्यावरून वाकून फोनमध्ये बघत होती. अब्बांचे डोळे सुजलेले होते.

"कशी झालीय?" अम्मीने विचारलं.

"झकास. त्या दिवशी बघितलं ना, अगदी तसंच." मग त्यांनी हळूच विचारलं. "जुनेरा, ते आपा निघते ते... परत बघायचं तर कुठून लावायचं?"

अम्मी हसली. "एकदा खुर्चीतून बघितलंत, आता फिल्ममध्ये बघितलंत. पोट भरलं न्हाय?"

"शेवटून जरा मागे घ्या अब्बा," मी म्हटलं. "पूर्ण ठेवलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं केलंस," आणि रेंज गेली.