काठावरची ओळ

म्वानाइशाला आपल्या यादीचा फार अभिमान होता. पेंबा बेटावर, वेते गावात तिच्या घराच्या माडीवर पाहुण्यांसाठी तीन खोल्या होत्या, आणि खोली ठरवणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर ही यादी आधी जाई. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. कापड सुती आणि सैल असावं, नाहीतर उकडून जीव जाईल. ओढणी सोबत असू द्या. पोहण्याचे कपडे पाण्यात, रस्त्यावर नाही. आणि शेवटी तिचं स्वतःचं वाक्य: "आमच्याकडे माणूस कपड्यावरून ओळखतात." तिची मुलगी सौमू म्हणायची, "आई, तू पाहुणे बोलावतेस की सैन्यात भरती करतेस?"

मंगळवारी आलेल्या किर्स्टेनबाईंनी मात्र ही यादी परीक्षेचा अभ्यास करावा तशी वाचली होती. त्या डेन्मार्कच्या. तीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं सांभाळलेली बाई. पाच लांब झगे, दोन ओढण्या, सगळं भरलेली त्यांची बॅग कुठल्याशा विमानतळावर राहिली आणि बाई अंगावरच्या कपड्यांनिशी वेतेच्या धक्क्यावर उतरल्या. खाली आखूड चड्डी, वर भर दुपारी गळ्यापर्यंत बटणं लावलेला लोकरीचा स्वेटर. गुडघ्यांपुढे त्यांनी वर्तमानपत्र धरलं होतं. लवंगा वाळत घातलेल्या चटयांमधून त्या तशाच, लालबुंद चेहऱ्याने, कुणाकडेही न बघता चालत आल्या.

"मी तशी नाही हो," दारातच त्या म्हणाल्या. "मी सगळं भरलं होतं." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

म्वानाइशा विरघळली. पण विरघळली तरी किती, ते सांगायला हवं. तिने कांग्यांची, म्हणजे बायका कमरेला आणि खांद्यांवर गुंडाळतात त्या जोडीच्या कापडांची, ट्रंक उघडली. वरचे सगळे जोड शुक्रवारच्या लग्नासाठी काढून ठेवलेले. सौमूचं लग्न, पाहुण्याबायकांना द्यायचे, स्वतःला नेसायचे. त्यातला एक या घामेजलेल्या बाईला द्यायचा तिचा जीव होईना. हात तळाशी गेला आणि एक कोरा, घडीही न मोडलेला जोड लागला. लाल, पांढऱ्या ठिपक्यांचा. काठावर नेहमीप्रमाणे एक ओळ छापलेली:

घरी नाही पाळणा, दारोदारी अंगाई.

ओळ तिने वाचली. वाचली नाही असं ती पुढे कुणालाही सांगू शकली असती, पण वाचली होती, अगदी बोट फिरवून. कांगा कापडासाठी घेतात असं पुरुषांना वाटतं. बायका तो ओळीसाठी घेतात. जे तोंडाने बोलता येत नाही ते कमरेला गुंडाळून शेजारणीच्या दारावरून दोन फेऱ्या मारायच्या, की झालं. हा जोड तिने दोन वर्षांपूर्वी रागाच्या भरात घेतला होता, भावजयीसाठी. झुवेना तिच्या भावाची, फकीहची बायको. शिवणकामात मोठी कसबी, आणि लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नव्हतं. तिने एकदा चारचौघींत म्हटलं होतं, "वन्सं, सौमूला जरा धाक ठेवा. पोरगी मोकाट सुटलीय." म्वानाइशा तिरमिरीत उठली, ती थेट बाजारात. पण कापड घरी आणल्यावर नेसण्याचं धाडस झालं नाही. मग राग निवला. नंतर झुवेनाला दिवस गेले, आणि पोर जन्मलं ते दोनच दिवस जगलं. त्या इवल्याशा जिवाला म्वानाइशाने स्वतःच्या हाताने अखेरची अंघोळ घातली होती. तेव्हा तिला ट्रंकेतलं ते कापड आठवलंही होतं. जाळून टाकावं असं मनात आलं होतं. पण नवं कोरं कापड जाळवेना!

"परक्या बाईला काय कळतंय," ती आता स्वतःशीच पुटपुटली. जोडातला एकच फाडून वेगळा केला, किर्स्टेनबाईंच्या कमरेला गुंडाळून दिला. वरचा दिला नाही; वर स्वेटर होताच. पाहुणीला कोरं कापड दिल्यासारखं दिसलं आणि आपलं काही गेलंही नाही.

"किती सुंदर!" बाई म्हणाल्या. "आणि हे काय लिहिलंय?"

"असंच," म्वानाइशा म्हणाली, आणि नारळाच्या रसात कसावा शिजत होता तिकडे वळली.

तासाभराने सौमू बाजारातून आली ती हसत हसतच.

"आई, त्या बाईला काय नेसवलंस ग? मासळीवाल्या बायका तोंडावर पदर घेऊन खिदळतायत. म्हणे, ही गोरी कुणाशी भांडायला निघालीय?"

"बाहेर गेली ती? मला वाटलं, खोलीत पडलीय."

"अगं, कपडे शिवून घ्यायचेत म्हणाली. मग मीच पत्ता दिला, मामीचा."

म्वानाइशाच्या हातातला डाव खाली पडला.

पोर गेल्यावर झुवेना चाळीस दिवस घराबाहेर पडली नव्हती. मशीनवर चादर टाकली होती तिने. गेल्या आठवड्यात ती चादर काढली ती फक्त सौमूसाठी. "भाचीचा लग्नाचा झगा दुसरी कुणी शिवेल होय?" एवढंच म्हणाली होती. त्या दिवशी म्वानाइशा घरी येऊन रडली होती, आनंदाने.

काळा झगा उलटसुलट अंगावर चढवून ती धावतच निघाली. वाटेत कुणी लग्नाचं विचारलं, कुणी लवंगांचा भाव सांगितला, तिला धड काही ऐकू आलं नाही. मनात एकच चाललं होतं: बाई बसलेली असू दे. पाठ भिंतीला असू दे. ओळ पाठीमागे येते, बसलेली असली तर दिसायची नाही.

झुवेनाच्या ओट्यावर किर्स्टेनबाई बसल्याच होत्या. हातात मसाल्याचा चहा. पण अंगात झुवेनाचा स्वतःचा झगा होता, साधा, करड्या रंगाचा, ज्यावर एकही अक्षर नव्हतं. स्वेटर नाही, कांगाही नाही.

"बघा ना!" बाई आनंदून म्हणाल्या. "माप घ्यायला मी वळले, तर तिने मला थांबवलं आणि आत नेऊन स्वतःचाच झगा दिला. किती चांगली माणसं हो तुम्ही."

म्वानाइशा आत गेली. मशीनवर सौमूचा झगा होता, एक बाही लागलेली. शेजारी तो लाल कांगा, इस्त्री करून, चौकोनी घडी घालून ठेवलेला. ओळ वर.

"बसा वन्सं," झुवेना म्हणाली. तिने मान वर केली नाही. "जोडातला एकच दिसतोय. दुसरा कुणासाठी ठेवलात?"

"झुवेना, अगं..."

"तुम्हाला कुणी भेट दिला असेल," झुवेना सुईत दोरा ओवत म्हणाली. "बायका काहीही देतात. नाही का?"

दार उघडं करून दिलं होतं तिने. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. पण त्या वाकलेल्या मानेकडे बघून म्वानाइशाला खोटं बोलवेना. 

"मीच घेतला," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच. दोन वर्षं झाली."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"दुकानातून तुम्ही घरी पोचायच्या आत मला कळलं होतं. आपलं गाव केवढं, वन्सं?" दोरा ओवला गेला. "मग मी रोज वाट बघायची. आज नेसतील, उद्या नेसतील. ईद गेली, नेसला नाहीत. दुसरी ईद गेली. मी ह्यांना म्हटलं, तुमची बहीण तोंडाने फटकळ आहे, पण मनाने चांगली आहे. म्हणून पोर गेलं तेव्हा त्याला अंघोळ मी तुमच्याच हातून घालायला लावली. माझ्या आईलासुद्धा नाही घालू दिली."

म्वानाइशा खाली बसली. रडूही येईना. रडण्याचा हक्क तिचा नव्हता.

"मला माफ कर," ती म्हणाली. "ती परकी बाई... वाटलं, कोण वाचतंय."

"मी वाचते ना," झुवेना म्हणाली. पहिल्यांदाच तिने वर बघितलं. डोळे कोरडे होते, आणि तेच म्वानाइशाला सहन झालं नाही. "झगा गुरुवारी तयार होईल. त्यात सौमूचा काय दोष? लग्नालाही येईन, गाव बघतंय. पण झगा न्यायला तिला पाठवा. तुम्ही नका येऊ."

"किती दिवस?"

झुवेनाने मशीन सुरू केलं.

परतताना म्वानाइशाने कांग्याची घडी झग्याच्या आत, पोटाशी धरली होती. किर्स्टेनबाई शेजारून चालत होत्या, करड्या झग्यात, मान वर करून. आता कुणी त्यांच्याकडे बघून हसत नव्हतं. त्यांनी पिशवीतून वही काढली.

"तिला मी विचारलं, कापडावर काय लिहिलंय. तिने तुमच्या घराकडे हात केला. तुम्हालाच विचारा, असं म्हणाली असेल. मला लिहून घ्यायचंय."

'पाहुणा आला, घरी बरकत आली.' असल्या ओळींचे दहा कांगे तिच्या ट्रंकेत होते. जिभेवर आलंही होतं. पण तिने खरं सांगितलं, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, चटयांवरच्या लवंगांकडे बघत. ओळीचा अर्थ सांगितला, कुणासाठी घेतला ते सांगितलं, आणि दोन दिवसांच्या त्या पोराचंही सांगितलं.

बाई रस्त्यातच थांबल्या. धक्क्यावर उतरल्या होत्या तशाच त्या पुन्हा लालबुंद झाल्या. वही मिटली. 

"मी तुमची यादी पाठ केली होती," त्या हळूच म्हणाल्या. "हे त्यात नव्हतं."

"नव्हतं," म्वानाइशा म्हणाली.