चष्म्याच्या डबीतली चिठ्ठी

“मुक्ताबाई, आज दारापर्यंत चालायचं ठरलं होतं ना? मग हे ओझं कशाला लादताय माझ्यावर?”

“थंडी भरलीया तुम्हास्नी. गप पडून ऱ्हावा.” मुक्ताबाईंनी श्यामलाबाईंच्या अंगावर तिसरं ब्लँकेट घातलं.

कोथरूडच्या त्या हॉस्पिटलात मुक्ताबाई बावीस वर्षं आया होत्या. श्यामलाबाई म्हणजे रिटायर्ड शिक्षिका, जीभ अजून छडीसारखी! खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते, परवा घरी जायचं होतं. रोज सकाळी वॉकर धरून दोघी पावलं मोजायच्या. काल तर खिडकी गाठली होती. आणि आज ही हुडहुडी! दात नुसते कडाकडा वाजत होते.

सलाईनच्या सुईपाशी हात लालभडक झाला होता. तो मुक्ताबाईंनीच सिस्टरला दाखवला. डॉक्टर आले, रक्त तपासायला घेतलं, घाईघाईत काहीतरी खरडलं आणि ऑपरेशनला पळाले.

“मावशी, ही नातेवाइकांना द्या,” म्हणून सिस्टरनं चिठ्ठी मुक्ताबाईंच्या हातात कोंबली आणि दुसऱ्या पेशंटकडे धावली. चिठ्ठी कसली, ते काही बोलली नाही.

नातेवाईक म्हणजे एकटा मुलगा, श्रीधर. तो हिंजवडीत, ऑफिसात.

“फोन लावू का सायबास्नी?”

“मुळीच नको. मीटिंग असते त्याची. येईल संध्याकाळी.” श्यामलाबाईंनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. “काय हे अक्षर! माझ्या वर्गात असता तर अंगठे धरून उभा केला असता. उद्याची एखादी तपासणी असेल. ठेवा चष्म्याच्या डबीत, हरवायला नको.”

इंग्रजी मुक्ताबाईंना कुठलं वाचता यायला! त्यांनी चिठ्ठीची नीट घडी घातली आणि डबीत जपून ठेवली.

दोन वाजता सिस्टर बदलली. नवीला वाटलं, औषध आणायला कुणीतरी खालच्या दुकानात गेलंय. तीनला श्यामलाबाईंची बडबड थांबली. चारला त्यांनी डोळे किलकिले करून विचारलं, “तुम्ही कोण?”

मुक्ताबाई ओरडतच सिस्टरकडे धावल्या.

“अहो मावशी, औषधाची चिठ्ठी कुठाय?”

डबी उघडली. सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. “हे अँटिबायोटिक सकाळीच सुरू करायचं होतं!” ती स्वतःच खाली पळाली.

औषध सुरू झालं तेव्हा साडेचार वाजले होते. सहाला श्रीधर आला, तोवर आईला आयसीयूत हलवलं होतं.

“जंतू रक्तात पसरलेत,” डॉक्टर त्याला सांगत होते. “यात एकेक तास महत्त्वाचा असतो. आता वाट बघायची, बस.”

मुक्ताबाई दाराशी उभ्या होत्या. पुसायला काही नाही, उचलायला काही नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे हात रिकामे होते.

तिसऱ्या दिवशी श्यामलाबाई गेल्या. मुक्ताबाईंना कुणी एका शब्दानं बोललं नाही. उलट सामान घेताना श्रीधरनं हात जोडले. “आईचं फार केलंत तुम्ही.” त्यांनी चष्म्याची डबी त्याच्या हातात दिली.

आठवड्यानं त्याच खाटेवरच्या नव्या पेशंटची चिठ्ठी हातात आली. लिफ्टला गर्दी होती. मुक्ताबाई चार मजले धावत उतरल्या आणि औषधाच्या दुकानासमोर धापा टाकत उभ्या राहिल्या.

“मावशी, हे औषध नाही. उद्यापासून जेवणात मीठ कमी, एवढंच लिहिलंय. एवढ्यासाठी धावत आलात?”

“आसंल. पन सगळं वाचून दावा.”

दुकानदारानं वाचून दाखवलं. मुक्ताबाई परत जिना चढू लागल्या. चिठ्ठी त्यांनी हातात उघडीच धरली होती.