लटारूने घडी घातलेला तंबू

दिनांक १ डिसेंबर १९८६ रोजी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मोठ्या तंबूची घडी उघडली, तेव्हा कापडावर बुरशीचे सत्तावीस डाग निघाले. सर्व करवंदाएवढे, काळपट, आणि बहुतेक शिवणींवर व खालच्या कडेला. धानोऱ्यापासून चौदा किलोमीटरवर, जंगलातून जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या आखणीसाठी आमच्या सर्वेक्षण पथकाचा तळ त्या दिवशी तेथे पडायचा होता. पथकाचा कनिष्ठ अभियंता मी होतो.

कॅनव्हास ओला असताना त्याची घडी घालायची नाही, हा तंबूच्या निगराणीतला पहिला नियम आहे. हिवाळ्यात या भागात दव इतके पडते की पहाटे तंबूच्या छतावरून पाणी ओघळते. ऊन वर आल्यावर छत वाळते. पण दुहेरी शिवण आणि जमिनीलगतची कडा उशिरापर्यंत ओली राहते, आणि ती ओल डोळ्यांना दिसत नाही. हाताने चाचपूनच ती ओळखावी लागते. आधीचा तळ मोडल्यावर आमचा ट्रक नादुरुस्त झाला आणि गाठोडे नऊ दिवस एका शाळेच्या पडवीत पडून राहिले. कोरडा तंबू नऊ महिनेही तसा राहू शकतो. याचा अर्थ घडी घालताना तो ओला होता.

घडी लटारूने घातली होती, म्हणूनच कोणाचा विश्वास बसेना. लटारू अठरा वर्षे सर्वेक्षणाच्या तळाचे सामान सांभाळणारा खलाशी होता आणि तंबूचे सर्व काम त्याच्याकडे असे. जागा तोच निवडी. वाळकी फांदी असलेल्या झाडाखाली तो कधी तंबू उभारू देत नसे. तंबूची पाठ वाऱ्याकडे असे. चोहोबाजूंनी वीतभर खोल चर खणून पाण्याला उताराची वाट काढून देई. दवाने सुती दोऱ्या आखडतात आणि मेखा उपटतात किंवा काठी वाकते, म्हणून रोज संध्याकाळी तो प्रत्येक दोरी थोडी सैल करी व सकाळी पुन्हा ताणी. घडी घालण्यापूर्वी उजव्या हाताचा तळवा शिवणींवरून फिरवीत तो तंबूभोवती एक फेरी मारी, आणि मग नुसते "झालं" म्हणे. त्याशिवाय आम्ही कोणी कापडाला हात लावीत नसू.

दुसरा खलाशी झिंगू आमचा स्वयंपाकही करी. त्याने डाग पाहून आपल्या नेहमीच्या पद्धतीने थट्टा केली.

"लटारूभाऊ, तुह्या हाताले झोप लागली होती का गा?"

मजूर हसले. लटारू डागांपाशी उकिडवा बसला होता. त्याने वर न पाहता मला सांगितले, "मी हात फिरवला होता साहेब. चारी कोने पाह्यले. कोरडा लागला."

पुढचे दोन दिवस आम्ही बुरशी काढण्यात घालवले. कापड उन्हात पसरून कोरड्या कुंच्याने झाडले, मग लिंबू आणि मीठ चोळून साध्या पाण्याने पुसले. साबण वापरला नाही, कारण साबणाने कापडाचा जलरोधक लेप निघून जातो. लटारू काम करीत होता आणि मी त्याच्या हातांकडे पाहत होतो. पूर्वी तो माझ्याशी बोलता बोलता, मान दुसरीकडे असताना दोरीची गाठ मारी. आता प्रत्येक गाठ तो पाहून मारीत होता. बोट दोरीवर ठेवले आहे की नाही, हेही तो पाहून ठरवीत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी झिंगू आणि मजूर नाल्यावर गेले असताना मी कॅनव्हासचे दोन तुकडे घेतले. एक भिजवून घट्ट पिळला, दुसरा कोरडा ठेवला. लटारूला डोळे मिटायला सांगून दोन्ही तुकडे एकामागून एक त्याच्या उजव्या तळव्याखाली दिले.

त्याने बराच वेळ हात फिरवला. "दोनी सारखेच हायेत," तो म्हणाला.

मग डोळे मिटलेलेच ठेवून त्याने दोन्ही तुकडे उचलले आणि पाळीपाळीने गालाला लावले. "हे ओलं हाये," तो लगेच म्हणाला, आणि डोळे उघडून त्या तुकड्याकडे पाहत राहिला.

थोड्या वेळाने त्याने सदऱ्याची बाही वर केली. कोपराखाली तळहाताएवढा फिकट चट्टा होता. वर्षभरापासून तो आहे, असे त्याने सांगितले. त्याच्या पत्नीला, गिरजाबाईला, ते गजकर्ण वाटे आणि ती त्यावर टाकळ्याचा पाला वाटून लावी.

"आणि तुम्हांला काय वाटते, लटारूभाऊ?" मी विचारले.

"मले ठाऊक हाये साहेब. माह्या मामाले महारोग होता." त्याने बाही खाली केली आणि बटण पाहून लावले. "मी दवा घेतो. तुमी म्हणान तिथी जातो. फक्त मले तंबूवरून काढू नोका."

मी काढणार नाही असे सांगितले. तेव्हा तसे करणे माझ्या हाती आहे अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही धानोऱ्याला गेलो. तेथील कुष्ठरोग तपासनीस श्रीहरी हा तरुण मनुष्य होता, पण हाताने सावकाश. त्याने लटारूला डोळे मिटायला लावून कोंबडीच्या पिसाने एकेक बोट स्पर्शून विचारले. उजव्या हाताची पाच आणि डाव्या हाताची दोन, अशी सात बोटे बधिर होती. कोपरामागची नस त्याने मला चाचपायला लावली. ती सुतळीसारखी जाड लागली. नव्या गोळ्या दोन वर्षे घ्याव्या लागतील, महिन्याचा मोठा डोस त्याच्यासमोर गिळावा लागेल, आणि गोळ्या सुरू झाल्या की याच्यापासून कोणालाही धोका राहत नाही, हे त्याने दोनदा सांगितले. स्पर्श परत येईल का, या प्रश्नावर त्याने काही बोटांना येईल एवढेच उत्तर दिले. परतीच्या वाटेवर लटारूने मला एकच गोष्ट विचारली: पिसाऐवजी कापडाने परीक्षा घेतली असती तर आकडा कमी आला असता का?

तळावर गोष्ट लपली नाही, आणि लटारूने ती लपवण्याचा प्रयत्नही केला नाही. कोणी काही बोलण्यापूर्वीच त्याने आपले अंथरूण मोठ्या तंबूतून बाहेर काढले आणि अवजारांची लहान राहुटी घेऊन तो तळाच्या कडेला, इतरांपासून शंभरेक फुटांवर, ती उभारू लागला. राहुटी एकट्याने उभी राहत नाही. कोणीतरी काठी धरावी लागते. मी गेलो, तेव्हा एका दोरीचे टोक त्याने दातांत धरले होते.

"साहेब, तुमी नोका धरू," तो म्हणाला.

मी काठी धरली. थोड्या वेळाने झिंगू मोगरी घेऊन आला आणि पलीकडच्या मेखा ठोकून परत गेला. लटारूचे जेवण त्या संध्याकाळपासून झिंगू एका दगडावर ठेवू लागला. भाजी मात्र पूर्वीसारखीच भरपूर वाढी.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तळ हलवायचा होता. हाताचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून लटारूने तंबूची परीक्षा गालाने घेतली. गुडघ्यांवर बसून, मान वाकवून तो प्रत्येक शिवणीला आणि खालच्या कडेला गाल लावीत फेरी मारीत होता. एके ठिकाणी थांबला, मला हाक मारून तेवढा भाग पुन्हा उन्हाकडे करायला सांगितला, आणि अर्ध्या तासाने तेथे गाल लावून "झालं" म्हणाला. घडी निर्दोष होती. नव्या जागी ती उघडली तेव्हा कापडावर एकही डाग नव्हता. मला समाधान वाटले आणि मी तसे सर्वांसमोर बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या तंबूतून बाहेर आलो, तर मोठा तंबू रिकामा होता. चारही मजूर आणि झिंगू विझलेल्या शेकोटीभोवती घोंगड्या गुंडाळून झोपले होते. घोंगड्यांवर दव साचले होते.

मी झिंगूला बाजूला घेऊन कारण विचारले.

"साहेब, तपासणीवाले म्हणते ते खरंच असन. लटारूभाऊसंगं माहं वाकडं नाई. पण त्यानं गाल घासला त्या कापडाले, आमी सारे पाहून राह्यलो होतो. माह्या घरी दोन पोरी हायेत."

मी त्याला गोळ्यांविषयी, जंतूंविषयी, श्रीहरीने सांगितलेले सर्व क्रमाने समजावले. त्याने मान हलवीत ऐकून घेतले. दुसऱ्या रात्रीही ते बाहेरच झोपले.

आमच्या घराने धम्मदीक्षा घेण्यापूर्वी माझे वडील राजुऱ्याच्या बाजारात कापड घ्यायला जात, तेव्हा दुकानदार ठाण काठीने पुढे सरकवी आणि वडिलांनी हात लावलेले परत घेत नसे. वडिलांनी हे आयुष्यात एकदाच सांगितले होते. झिंगूशी बोलताना ते माझ्या मनात होते. पण झिंगू तो दुकानदार नव्हता, तो आपल्या मुलींसाठी भीत होता. म्हणून मी ते बोललो नाही.

मग मी एक व्यवस्था केली. चाचपणी आणि घडी झिंगूने करायची, लटारूने दुरून सांगायचे. पुढची दोन स्थलांतरे तशी झाली. लटारू हात मागे बांधून उभा राही.

"खालची कड पाह्य गा," तो म्हणे. "दुहेरी शिवण पाह्यली काय?"

"पाह्यली गा भाऊ," झिंगू उत्तर देई. "आता का जीभ लावून पाहू काय?"

मजूर हसत. लटारूही हसे, आणि हसून झाल्यावर पुन्हा कडेकडे पाहत राही. घडी ठीक असे. मजूर आत झोपू लागले. पथकाचे काम वेळापत्रकाप्रमाणे चालू झाले आणि प्रश्न सुटला, असे मी मानले.

फेब्रुवारीच्या अखेरीस लटारू माझ्याकडे आला. आमच्या खात्याच्या चंद्रपूरच्या सिमेंटच्या गोदामावर चौकीदाराची जागा रिकामी आहे, ती मला द्या, असे त्याने सांगितले. मी म्हणालो की तंबूचे काम अजून तुमच्याच देखरेखीखाली आहे, तुम्हांला कोणी काढलेले नाही.

"नाई, कोनी नाई काढलं," तो म्हणाला. "पण दुरून तंबू पाहाची सवय नाई मले साहेब. अठरा साल हातानं पाह्यला."

मी त्याला हंगाम संपेपर्यंत थांबायला सांगितले. त्याने नकार दिला. झिंगू आता नीट पाहतो, असे तो म्हणाला, आणि ते खरे होते.

निघायच्या सकाळी त्याने आपली राहुटी उतरवली, पण तिची घडी घातली नाही. ती उन्हात पसरून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि ट्रकच्या मागच्या फळीवर जाऊन बसला. झिंगू त्याच्यासाठी भाकरी बांधून घेऊन गेला होता. भाकरी फळीवर ठेवून तो तेथेच उभा राहिला. दोघांचे काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. ट्रक सुटेपर्यंत झिंगू परतला नाही.

राहुटीला दुपारपर्यंत कोणी हात लावला नाही. शेवटी मीच शिवणी चाचपून तिची घडी घातली.

सिमेंटच्या गोदामात तंबू नसत. महिन्याच्या डोसासाठी लटारू चंद्रपूरच्या दवाखान्यात नियमित जात असे. एकही डोस त्याने चुकवला नाही. दोन वर्षांचा औषधोपचार पूर्ण झाल्यावर तेथे शेवटची तपासणी झाली आणि त्याला रोगमुक्त ठरवण्यात आले. बधिर झालेल्या सात बोटांपैकी दोन बोटांना स्पर्श परत आला.