बोर्डासाठी पन्नास मिनिटं

मला ते प्रमाणपत्र हवं होतं. "सहज, अनुभव म्हणून अर्ज केला" असला साळसूदपणा मी करणार नाही. हवं होतं म्हणजे हवंच होतं. चोवीस वर्षं मी अमेरिकेच्या उत्तर टोकाला, डुलूथमधल्या या टेकडीवरच्या दवाखान्यात समुपदेशन करतेय आणि त्यातली एकोणीस वर्षं नव्या मानसशास्त्रज्ञांना शिकवतेय. गेल्या वर्षी वरून फतवा निघाला, की जूनपासून ज्याच्याकडे मानसशास्त्रज्ञांच्या बोर्डाचं प्रमाणपत्र असेल त्यानंच शिकवायचं. बाकीच्यांनी आपापले क्लायंट बघावेत. शिकवणं गेलं तर माझ्याजवळ उरतं काय? हाच प्रश्न मी एखाद्या क्लायंटला अगदी शांत आवाजात विचारला असता. स्वतःला विचारला आणि गाडीत बसून ढसाढसा रडले.

बोर्डाला एक भलीमोठी फाइल पाठवावी लागते. तुम्ही कोण, हे वीस पानांत. तुम्ही कसा विचार करता, हे आणखी वीस पानांत. इथवर ठीक होतं, स्वतःबद्दल चाळीस पानं लिहायला आमच्या धंद्यात कुणाला जड जात नाही. नाकी नऊ आणले ते रेकॉर्डिंगनं. एका सेशनचं रेकॉर्डिंग: सलग पन्नास मिनिटं, कुठेही कापायचं नाही, दोघांचेही चेहरे दिसले पाहिजेत, क्लायंटची लेखी संमती पाहिजे. सोबत त्यातला शब्द न् शब्द टाइप करून द्यायचा, ओळींना आकडे घालून.

पहिल्या क्लायंटचं रेकॉर्डिंग इतकं सुरेख झालं होतं की काय सांगू. बाई रडली, हसली, वडिलांना माफ केलं, सगळं पन्नास मिनिटांत. आणि दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, "माझं नाक फार मोठं दिसत असेल, संमती परत घेते." दुसऱ्याच्या वेळी कॅमेरा जरा खाली सरकला. त्यात माझे गुडघे, त्याचे बूट आणि एक रबराचं झाड. झाडाचा चेहरा तेवढा स्पष्ट होता. बोर्डानं मला दोनदा मुदत वाढवून दिली आणि तिसऱ्यांदा कळवलं: शुक्रवारी संध्याकाळी पाच. त्यानंतर अर्ज रद्द.

राहता राहिले रेयनो हापाला.

रेयनो म्हणजे सदुसष्ट वर्षांचे, गोदीवर लोखंडाचं खनिज बोटीत भरण्यात आयुष्य गेलेलं, फिनलंडहून आलेल्या आजोबांचे नातू. चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या मुलीनं त्यांना माझ्याकडे आणून बसवलं. फॉर्मवर तिनेच लिहिलं होतं: "आई गेली. बाबा बोलत नाहीत." तेव्हापासून दर मंगळवारी ते येत, बर्फ किती इंच जाड आहे ते सांगत, हिवाळ्याचे टायर कधी काढावेत ते सांगत आणि मग गप्प बसत. बायकोचं नावसुद्धा नाही. मी रेकॉर्डिंगचं विचारलं तेव्हा संमतीपत्राची चारही पानं त्यांनी युनियनचा करार वाचावा तशी वाचली.

"यानं तुमचं काम होणार?"

"होईल. पण तुमच्यावर काही बंधन नाही हं, रेयनो."

"बंधनाचं कोण बोलतंय? काम होणार का, एवढंच विचारलं." आणि सही करून मोकळे.

बोर्डानं मला एक मार्गदर्शकही दिले होते, डॉ. डेस्मंड प्रुइट, अलाबामाचे. फोनवर त्यांना थांबवणं अशक्य. "लिनेट, ऐका माझं," ते म्हणाले, "परीक्षकांना काय बघायचं असतं? तुम्ही बडबड करता का! चांगला समुपदेशक क्लायंटच्या शांततेला हात लावत नाही. कमी बोला! जितकं कमी, तितकं बरं!" हे ते चाळीस मिनिटं बोलले.

तसं हे मला नवीन नव्हतंच. शांतता ही क्लायंटची असते, ती आपण मोडायची नाही, हे मीच एकोणीस वर्षं शिकवत आले होते. क्लायंट थांबला की मनात दहा आकडे मोजा, असं मी सांगते. मुलं तीनवर पोचतात आणि तोंड उघडतात. मी कधीच उघडत नाही, त्याबद्दल माझं नाव आहे.

मंगळवार आला. कॅमेरा मी स्वतः लावला, तीनदा तपासला, रबराचं झाड उचलून बाहेर नेऊन ठेवलं. रेयनो इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, केसांना पाणी लावलेलं. लाल दिवा लागला.

"या, बसा," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले.

आणि संपलं! तेवढंच. ते गप्प बसले. मीही गप्प. पहिल्या पाच मिनिटांत मला वाटलं, येतंय, आता येतंय, बायकोचं येतंय, हलू नकोस लिनेट. दहाव्या मिनिटाला त्यांनी नाक शिंकरलं. मी मान डोलवली. जरा वेळानं त्यांनी मान डोलवली. मग पुन्हा मी. बाहेरून बर्फ सारणारी गाडी गेली, तिचा आवाज विरेपर्यंत आम्ही दोघं अतिशय समजूतदार चेहऱ्यानं बसून होतो. मी आकडे मोजत होते. साडेसहाशेला नाद सोडला. मध्ये एकदा माझ्या मनात आलं की विचारावं, सरळ विचारावं. पण लाल दिवा माझ्याकडे बघत होता, आणि मी ज्या गोष्टीसाठी नावाजलेली, तीच नेमकी त्या दिवशी मोडायची? छे! मी पुन्हा मान डोलवली.

पन्नास मिनिटं झाली. दिवा बंद केला.

"बरं झालं ना?" रेयनोंनी विचारलं.

"छान झालं."

"मला वाटलंच," ते म्हणाले, टोपी घातली आणि गेले.

मी खुर्चीत तशीच बसले. फाइलचा निकाल मला तिथेच दिसत होता. कपाळाला हात लावायचंही त्राण नव्हतं. कॉफी तरी घ्यावी म्हणून कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवून उठले, दार उघडलं, तर बाहेरून आवाज येत होता. रेयनोंचा आवाज! आणि तो थांबतच नव्हता.

आमच्या स्वागतकक्षात व्होंडा बसते. तिला समुपदेशनातलं ओ की ठो कळत नाही आणि तिचं तोंड क्षणभर बंद नसतं. ती रुबार्बच्या, म्हणजे इथल्या आंबट देठांच्या, वड्यांचा डबा उघडून बसली होती, आणि रेयनो टेबलावर कोपर टेकून सांगत होते, "दर शनिवारी मी अंघोळीची वाफेची खोली तापवतो. दोन टॉवेल बाहेर काढून ठेवतो. तापल्या दगडांवर पाणी नेहमी आयलीच टाकायची. मी टाकलं की जास्त व्हायचं, ती ओरडायची. आता खोली तापते आणि मी बाहेर पायरीवर बसतो. आत जात नाही." चौदा महिन्यांनी मला त्यांच्या बायकोचं नाव कळलं.

"मग लाकडं कशाला जाळता उगाच?" व्होंडा म्हणाली. "घ्या, वडी घ्या. आणि ओरडायची म्हणजे काय म्हणायची?"

"म्हणायची, मला शिजवून खाणार आहेस का?" आणि रेयनो हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरले, ते त्यांनी बाहीनं पुसले आणि वडी घेतली.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. तोंडाला लगेच कुलूप.

"थांबलात का? सांगा ना," व्होंडा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "अगं, दर मंगळवारी पाऊण तास आधी येतो हा माणूस. तुझ्याकडे येण्याआधी माझ्याकडे सगळं ओकून टाकतो. मला वाटायचं, तुझ्यासाठी तालीम करतो!"

"रेयनो," मी म्हणाले, "मला का नाही सांगितलंत?"

ते गोंधळले. चोरी पकडल्यासारखे मुळीच नाहीत, गोंधळले. "तुम्हाला?" ते म्हणाले. "पण तुम्हाला गप्प बसलेलं आवडतं ना, डॉक्टर."

"मला?"

"पहिल्याच महिन्यात मी आयलीचं काढणार होतो. जरा अडखळलो. तुम्ही मान डोलवलीत, म्हणालात, छान, वेळ घ्या. म्हटलं, असं असतं होय इथे! मग मी वेळ घेतला. पुढच्या वेळी तुम्ही आणखी मान डोलवलीत. मला वाटलं, जमतंय मला." त्यांनी घसा खाकरला. "आज तर बोर्डाचं होतं. म्हटलं, चुकून बोललो आणि तुमचे मार्क गेले तर?"

व्होंडानं डब्याचं झाकण लावलं. मला त्यांच्याकडे बघायचीही लाज वाटली.

मग रेयनो म्हणाले, "त्यात काय एवढं? कॅमेरा आहे, मी आहे. चला, पुन्हा काढू. बोलतो मी. आयलीचं सगळं सांगतो, रडायचं असेल तर तेही बघतो. तुमचं काम होऊ दे."

मी खोटं बोलणार नाही. माझा हात कॅमेऱ्याच्या पिशवीकडे गेला. मंगळवार होता, शुक्रवारपर्यंत टाइप करून सहज झालं असतं, आणि काय रेकॉर्डिंग झालं असतं ते! वाफेची खोली, दोन टॉवेल! पण तो माणूस टोपी काढून पुन्हा केस नीट करत होता. शेजाऱ्याला बर्फाचं फावडं द्यावं, तशी तो आपली बायको मला वापरायला देत होता.

"नको," मी म्हणाले. "ते फाइलसाठी नाही."

"वेडी झालीस का तू?" व्होंडा किंचाळली. "शुक्रवार आहे तुझा!"

"शुक्रवार माझा आहे. आयली त्यांची आहे. रेयनो, तुम्हाला वेळ असेल तर आत या. कॅमेरा इथेच राहील. आणि या वेळी मी विचारणार आहे, लागोपाठ."

दोन तास बसलो. मी मध्ये मध्ये तोंड घातलं, दोनदा त्यांचं वाक्य तोडलं, एकदा चुकीचं बोलले आणि माफी मागितली. काय बोललो ते सांगणार नाही.

पाठवायला माझ्याकडे होती ती तेवढी एकच शांतता. व्होंडानं ती टाइप केली. ओळ तीन: शांतता, नऊ मिनिटं चाळीस सेकंद. ओळ चार: क्लायंट नाक शिंकरतो. ओळ पाच: डॉ. टॉर्गरसन (म्हणजे मी) मान डोलवतात. "एक पान भरलं नाही ग," ती म्हणाली. "असलं काम रोज दे." आणि सोबतच्या निवेदनात मी खरं ते लिहिलं: ही शांतता क्लायंटची नाही, मी ती त्याला शिकवली. त्याच्या दुःखाशी माझा पन्नास मिनिटं काही संबंध नव्हता. मी विचारायला हवं होतं.

डॉ. प्रुइटना फोनवर वाचून दाखवलं, तर त्यांनी शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "लिनेट, हा परिच्छेद काढा. हात जोडतो." मी काढला नाही. शुक्रवारी पाचला दहा कमी असताना फाइल गेली. शिकवणं गेलंच, असं समजून मी कपाटातली टिपणं खोक्यात भरायला घेतली.

मे महिन्यात बोर्डाचं पत्र आलं. फाइल मंजूर! तिन्ही परीक्षकांनी लिहिलं होतं, की इतक्या धैर्यानं सांभाळलेली शांतता त्यांनी आजवर पाहिली नव्हती. एकोणतिसाव्या मिनिटाचं मान डोलवणं तर हृदयस्पर्शी. शेवटच्या परिच्छेदाबद्दल एकच ओळ होती: उमेदवार स्वतःबाबत नाहक कठोर आहेत, त्यांनी याबाबत समुपदेशन घ्यावं. पुढे तोंडी परीक्षा झाली. मी तिथेही तेच सांगायला लागले, तर तिघं परीक्षक मान डोलवत राहिले. पास केलं त्यांनी मला. काय करणार? मी प्रमाणपत्र घेतलं. शिकवणं मला हवंच होतं.

त्यापाठोपाठ आणखी एक कागद आला. बोर्डाला हे रेकॉर्डिंग नमुना म्हणून ठेवायचं होतं. इथून पुढे फाइल तयार करणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवणार. माझी सही पाहिजे आणि क्लायंटची.

पुढच्या मंगळवारी तो कागद मी रेयनोंसमोर ठेवला. खिशातून पेन काढून, चष्मा लावून त्यांनी तो सावकाश वाचला. शेवटाला आले, पुन्हा वर गेले.

"म्हणजे आपण दोघं गप्प बसलोय, ते बघून हे नवे डॉक्टर शिकणार?"

"हो."

"किती जण?"

"दरवर्षी शंभरएक असतील."

"आणि त्या प्रत्येकासमोर कुणीतरी बसलेलं असणार. माझ्यासारखं."

"हो, रेयनो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"तुमच्यासाठी मी काहीही करीन, डॉक्टर. पण यावर सही नाही. चौदा महिने फार होतात हो."