उपाशी डिश

लॅबमधली सगळी पोरं तिला आत्या म्हणत. वय तिशीचंही नव्हतं, पण पीएचडी इतकी रखडली होती की त्यांना दुसरं नातं सुचेना.

आत्याचा प्रयोग तसा साधा. चेतापेशींना जगायला आणि फांद्या फुटायला एक प्रथिन लागतं. एका डिशमधल्या पेशींना ते द्यायचं, दुसरीतल्यांना नाही. पहिल्यांनी बाळसं धरायचं, दुसऱ्यांनी मरायचं, की प्रबंध पूर्ण. पहिल्यांनी आपलं काम चोख केलं होतं. दुसऱ्या मात्र उपाशीपोटी फांद्या काढून एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसल्या होत्या.

"मेल्या का गं?" आई फोनवर विचारायची.

"नाही ना."

"मरतील हो. धीर धर. तुझं लग्न त्यांच्यापायी अडलंय, हे सांग त्यांना."

आत्याने हातमोजे बदलले, पाणी बदललं, इन्क्युबेटर घासून काढला. पेशी मजेत. मार्गदर्शक सरांकडे जायची छाती होईना. सरांचं टोपणनाव 'उणे ऐंशी'. प्रथिनाच्या फ्रीजरचं तापमान तेवढंच, पण फ्रीजर निदान अधूनमधून गुरगुरायचा तरी.

शेवटी गेलीच.

"विज्ञानात दयामाया नसते," सर मान वर न करता म्हणाले. "पुन्हा कर. या खेपेला जमलं नाही तर विषय बदल."

विषय बदलायचा म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. आत्या धास्तावली आणि सुट्टीच्या दिवशीही दुपारी डिश बघायला आली. टेबलाशी सर वाकले होते. हातात पिपेट, समोर 'प्रथिन नाही' लिहिलेली डिश.

"घ्या गं बायांनो," ते पुटपुटत होते, "आत्या यायच्या आत."

"सर?"

पिपेट हवेतच राहिली. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"मरताना बघितलंयस कधी त्यांना? एकेक फांदी आत ओढून घेतात. मुकाट. बघवत नाही."

"अहो सर, माझा प्रबंध!"

"हं. तेही आहेच."

तोडगा आत्यानेच काढला. प्रयोगाबाहेरची एक डिश बाजूला ठेवली, तिच्यावर 'सरांची' अशी चिठ्ठी लावली आणि फ्रीजरची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. रोज सकाळी ती सरांना त्यांच्या डिशपुरतं प्रथिन काढून द्यायची, आणि सर रांगेतल्या माणसासारखे हात पुढे करायचे.

उपाशी डिश या वेळी रीतसर मेली. तेवढे दिवस सर इन्क्युबेटरवरून जाताना सुतकी चेहरा करून, आवाज न करता चालायचे.

प्रबंधावर त्यांनी सही केली तेव्हा त्यांच्या डिशमध्ये फांद्यांना जागा उरली नव्हती. पेनाला टोपण लावत ते म्हणाले, "जेवलीस का?"

आत्याने आधी डिशकडे बघितलं. इतक्या वर्षांत सरांनी हे तिला कधी विचारलं नव्हतं.

"जेवली ती, सर. सकाळीच."

"तुला विचारतोय," उणे ऐंशी म्हणाले.