आजी काय म्हणाली

स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण खाली पडलं, जागच्या जागी गोल गोल फिरलं आणि बारीक होत होत थांबलं. त्यानंतर खोली पुन्हा गप्प झाली. लॅपटॉपच्या पडद्यावर मार्लीन अजून वाट बघत होती. तिनं प्रश्न विचारला होता सहा वर्षांच्या रितूला, आणि रितू आजीच्या मांडीला रेलून आजीच्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

"ती जरा लाजते," प्रांजल इंग्रजीत म्हणाली.

"हो. पण मी तिला विचारलं होतं," मार्लीन हसून म्हणाली.

प्रांजलही हसली. नसलेली बट तिनं कानामागे सारली.

मार्लीनचं कामच हे होतं. नोकरीसाठी दुसऱ्या देशांतून आयंडहोव्हनला आलेल्या कुटुंबांचं समुपदेशन. रितूच्या शाळेनं तिचं नाव सुचवलं होतं. मागच्या गणपतीनंतर रितू आधी घरात मराठी बोलायची थांबली, मग वर्गात इंग्रजी. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, सगळं ठीक होतं. आता सुट्टी संपली की शाळा ठरवणार होती : रितू आपल्याच वर्गात बसेल, की बोलायला अडचण असणाऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळेत जाईल. शाळा मार्लीनचं मत विचारणार होती. आणि मार्लीननं आजवर रितूचा आवाज एकदाही ऐकला नव्हता.

सुट्टीला आल्यावर भांडगावला, सासरी, रितू अशीच गप्प होती. "बापावर गेली, कमी बोलती," म्हणून तिकडच्यांनी सोडून दिलं. मग प्रांजल तिला घेऊन माहेरी, वडगाव रासाईला आली. मागच्या आठवड्यात मार्लीनशी बोलताना तिच्या तोंडून निघून गेलं, की रितू दिवसभर आजीच्या मागे मागे असते. मार्लीननं लगेच धरलं. म्हणाली, मग पुढच्या वेळी आजी हव्यात.

तेव्हापासून प्रांजलला धड झोप नव्हती.

आज सकाळपासून ती खोली लावत होती. भिंतीवरचं खतांच्या दुकानाचं कॅलेंडर उतरवलं. खिडकीतून गोठा दिसत होता, म्हणून टेबल फिरवलं. मग मागं पोत्यांची थप्पी दिसायला लागली, तिच्यावर बेडशीट टाकलं. आईला, म्हणजे सिंधूबाईंना, तिनं कपाटातली मोतिया साडी नेसायला लावली.

"लग्नाला जायचंय का कुणाच्या?" सिंधूबाई म्हणाल्या.

"नेस गं आई. ती बाई बघणार आहे."

"बघू दे की. मला काय पसंत करायचीय व्हय तिला?"

दारातून सविता वहिनी फिसकन हसली. "आत्या, पावडर लावू का थोडी? हॉलंडचं स्थळ हाय, हातचं जाया नको."

"तुझ्या सासऱ्याला इचार आधी," सिंधूबाई म्हणाल्या, आणि दोघी सासवासुना पोट धरून हसल्या. रितूही हसली. मोठ्यानं, दात दाखवून. प्रांजलनं वळून पाहिलं तसं तिनं तोंड मिटलं.

प्रांजलनं साडीच्या निऱ्या नीट केल्या, आईचे हात हातात घेतले. पहाटे कोथिंबिरीच्या जुड्या बांधून बोटं हिरवी पडली होती. नखांच्या कडा तर काळ्याच. साबणानं घासूनही निघेना.

"हात खालीच ठेव. आणि आई, थोडक्यात बोल. मी सांगते तिला इंग्रजीत."

"बरं," सिंधूबाई म्हणाल्या. त्यांनी हात पदराखाली घेतले ते घेतलेच. आत्ताही ते पदराखालीच होते.

पडद्यावर मार्लीननं चष्मा वर सरकवला. "प्रांजल, हे मी आधी विचारलंय. पुन्हा विचारते. रितू बोलायची थांबली, त्याच्या आसपास काही घडलं होतं का? अगदी लहानसं?"

"नाही. मला तरी आठवत नाही."

हे उत्तर आता तिच्या तोंडी बसलं होतं.

मागच्या वर्षी आयंडहोव्हनच्या मराठी लोकांचा गणपती होता. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला. बायका पैठण्या नेसलेल्या, बहुतेक पुण्यामुंबईच्या, एकमेकींना शाळेपासून ओळखत असल्यासारख्या बोलणाऱ्या. प्रांजल त्यांच्यात सावकाश बोलायची. इंजिनिअरिंगला पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्या वर्षी मुली तिच्या बोलण्याची नक्कल करायच्या, तेव्हापासून ती प्रत्येक शब्द आधी मनात निवडून घ्यायची आणि मग बाहेर काढायची. कुणीतरी रितूच्या ताटात आणखी एक मोदक ठेवला. रितू खणखणीत आवाजात म्हणाली, "मला न्हाई पायजे. माजं प्वाट भरलंया."

हॉलभर हशा पिकला. वाईट नव्हता तो हशा. लाडाचाच होता. "अय्या, किती गोड! परत म्हण ना गं!" एकीनं मोबाईल काढला. रितूनं परत म्हटलं. पुन्हा हशा. "कुठून शिकली गं ही असं?"

सगळ्या प्रांजलकडे बघत होत्या. रितू रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आजीशी तासभर बोलते, आजी तिला शेळीची, कोंबड्यांची, भीमेच्या पाण्याची गंमत सांगते, एवढंच सांगायचं होतं. प्रांजलही हसली आणि म्हणाली, "अगं, लहानपणी गावाला हिला सांभाळायला एक बाई होती ना. तिच्याकडून उचललंय."

तिच्या हाताला धरून रितू उभी होती. तिनं वर बघितलं होतं.

घरी येताना गाडीत प्रांजलनं तिला समजावलं. रागावली नाही. 'बाहेर आजीसारखं नाही बोलायचं हं रितू, लोक हसतात.' एवढंच. त्या रात्री फोन आला तेव्हा रितूनं आजीला नुसता हात हलवून दाखवला.

"आजींना विचारा," मार्लीन म्हणत होती, "रितू त्यांच्याशी बोलते का?"

प्रांजलनं मराठीत विचारलं. सिंधूबाईंनी आधी लेकीकडे पाहिलं, मग पडद्यातल्या बाईकडे.

"बोलती की. दिसभर बोलती. ऐकून ऐकून माझं कान किटत्यात. शेळीचं नाव काय, तिचा नवरा कुठं, कोथमीर कापल्यावर तिला दुखतं का. हिला बघितलं की मातर गप."

'हिला' म्हणताना त्यांनी हनुवटीनं प्रांजलकडे दाखवलं. त्यात दोष नव्हता, जागा दाखवावी तसं दाखवलं.

प्रांजलला हे ठाऊक होतं. आल्यावर तिसऱ्याच सकाळी ती चहा घेऊन कोथिंबिरीच्या वाफ्याकडे गेली होती आणि बांधाच्या अलीकडेच थांबली होती. पलीकडून रितूचा आवाज येत होता. वर्षभरात न ऐकलेला, भरभरून, अखंड. चहा गार होईपर्यंत ती तिथं उभी होती. तिनं पाऊल पुढं टाकलं तसा आवाज बंद झाला. हे तिनं इंद्रजीतलाही फोनवर सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं लगेच विचारलं असतं, मग तुझ्याशी का नाही?

"त्या म्हणतायत," ती मार्लीनला म्हणाली, "की कधीकधी एखाददुसरा शब्द बोलते."

रितूचं बोट पदराच्या काठावर थांबलं.

"अरे वा," मार्लीन पुढं झुकली. "त्यांना काय वाटतं, का थांबली असेल ती बोलायची?"

प्रांजलनं हा प्रश्न आईला विचारताना थोडा लहान केला. तरी तो पोचला. सिंधूबाईंनी पदराखालून हात काढले. हिरव्या बोटांनी रितूचे केस मागं सारले, आणि बोलायला लागल्या तेव्हा त्यांना थोडक्यात बोलायचं भान राहिलं नाही.

"बाईला सांग, पोरीनं मला सांगितलंय. तिकडं गणपतीत ही माझ्यावानी बोलली आन् लोकं हसली. आता हसणारच की. आमचं बोलणं तसलंच हाय, रानातलं. चूक माझी हाय म्हणावं. मीच रोज फोन धरून बसायची, पोरीच्या तोंडात माझं शब्द बसलं. हिच्या आईनं बिचारीनं लई कष्टानं सगळं शिकून घेतलंय, तिला कशाला खाली बघायला लावायचं. तर असं कर म्हणावं, आजपासनं मी फोनवर बोलायची न्हाई. ही रडली तरी बोलायची न्हाई. चार महिन्यांत इसरंल. पोरांचं काय असतंय. पण त्या दुसऱ्या शाळंत नका घालू पोरीला. ती मुकी न्हाई, तिला सगळं येतंय. एवढं सांग बाईला. हात जोडून सांगितलं म्हण."

आणि त्यांनी खरंच हात जोडले. ती बोटं कॅमेऱ्यासमोर तशीच राहिली.

मार्लीन त्या हातांकडे बघत होती. "काय म्हणाल्या आजी?"

प्रांजलनं पाण्याचा ग्लास उचलला. त्यात पाणी नव्हतं. तरी तिनं तो ओठाला लावला आणि खाली ठेवला. आई एवढं सगळं बोलली, पण त्या हॉलमधलं एक वाक्य तिच्या बोलण्यात आलं नव्हतं. म्हणजे रितूनं ते सांगितलं नसावं. प्रांजलच्या छातीतली हवा हळूहळू सुटली. असं हलकं वाटल्याची तिला इतकी शरम वाटली, की कान गरम झाले.

"त्या म्हणाल्या," ती म्हणाली, "की इथं शेतावर रितू खूप रमलीय. जनावरं आवडतात तिला. आणि शाळेनं थोडा धीर धरावा, अशी त्यांची विनंती आहे."

"एवढंच?"

"साधारण एवढंच."

"सांगितलं का?" सिंधूबाईंनी विचारलं.

"हो आई."

"समदं?"

"हो."

सिंधूबाईंनी मान डोलावली. लेकीचं इंग्रजी ऐकताना त्यांच्या तोंडावर नेहमी येतो तसा अभिमान आत्ताही आला होता. दाराआड उभी असलेली सविता वहिनी डोळ्याला पदर लावून आत निघून गेली.

तेवढ्यात रितू आजीच्या मांडीजवळून उठली. टेबलाला पोट टेकवून पडद्यासमोर उभी राहिली, इतकी जवळ की मार्लीनला फक्त कपाळ आणि डोळे दिसत असावेत. मार्लीन हलली नाही.

"आजी असं नाही म्हणाली," रितू इंग्रजीत म्हणाली. आवाज जरा घोगरा होता, वापरात नसलेला. "आजी म्हणाली, ती मला आता कधीच फोन करणार नाही. मी रडले तरी नाही. कारण लोक हसले. आजी म्हणाली, चूक तिची आहे. आणि मी मुकी नाही."

प्रांजलचा हात लॅपटॉपच्या झाकणापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"थँक यू, रितू," मार्लीन अगदी हळू म्हणाली. "अजून काही सांगायचंय तुला?"

रितूनं विचार केला. सिंधूबाईंना इंग्रजी कळलं नव्हतं, पण नात बोलली एवढं कळलं होतं. त्या उठून पुढं आल्या. रितूच्या डोक्यावर हात ठेवून त्या पुटपुटल्या, "बास बाळा. बास झालं आता. ऱ्हायलेलं ऱ्हाऊ दे."

प्रांजलनं आईकडे पाहिलं. सिंधूबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या नातीच्या भांगातून बोट फिरवत होत्या.

रितूनं मान वर करून आजीकडे बघितलं, मग वळून आईकडे. आणि घरात, आईसमोर, वर्षभरात पहिल्यांदा ती मराठीत बोलली.

"आई, ते सांभाळणाऱ्या बाईचं आजीनं सांगितलंच न्हाई. तू सांगतीस, का मी सांगू?"