हरकतीचा पुकारा

“कुणाची हरकत असंल तर आत्ता बोला,” पायरीवर उभी राहून सुनयनाने पहिला पुकारा केला आणि रीतीप्रमाणे थांबली.

निपाणीच्या तंबाखू सोसायटीच्या आवारात पंचवीस-तीस माणसं होती. मागची वखार गेल्या वर्षी पाडली होती, आज तिच्या जागेचा लिलाव होता. बोलीच्या आधी एकदा, मध्ये एकदा आणि बोली पक्की करण्याआधी एकदा, असा तीन वेळा हरकतीचा पुकारा रेकॉर्डच्या कारकुनाने करायचा, ही सोसायटीची जुनी पद्धत.

हरकत होती. कॉम्प्युटरवरच्या कन्नड उताऱ्यात जागा सोसायटीची दिसत होती. पण तळघरातल्या कपाटात सत्तर वर्षांपूर्वीचं, मराठीत हाताने लिहिलेलं बुक होतं. त्यातल्या नोंदीप्रमाणे ती जागा गावातल्या कृष्णातच्या आजोबांनी वखारीपुरती दिली होती. वखार मोडली तर जागा त्यांच्या घरी परत. कृष्णात आता बेळगावात वकील होता. आठ दिवसांपूर्वी सुनयनाने त्या पानाची नक्कल त्याच्या हातात ठेवली, तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी कोर्टात जायला निघाला होता. तिनेच त्याला अडवलं. घेणाऱ्याला आधी घेऊ दे, म्हणाली.

घेणारा कोण, ते ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या रांगेत मॅनेजर नागेंद्रचा मेहुणा बसला होता आणि दर बोलीला मान न वळवता साहेबांकडे बघत होता.

नागेंद्र तीन वर्षांपूर्वी आला, आणि भिंतीवर फळा लागला. महिन्यात कुणी किती प्रकरणं निकाली काढली, त्याचे गुण. जुनं बुक उघडल्याशिवाय सुनयना सही करत नसे, म्हणून तिचं नाव कायम तळाला. एकदा अशाच एका जागेवर तिने शंका काढली, तर त्याने तिच्याकडून माफी लिहून घेतली आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावली. ‘मी संस्थेच्या कामात अडथळा आणला.’ आवाज आला नाही म्हणून दुसऱ्यांदा वाचायला लावली. सव्वीस वर्षं सोबत डबा खाल्लेली यशोदाबाई तेव्हा कपात बघत बसली होती. दुसऱ्या दिवशी लेखी आदेश आला: रेकॉर्ड कारकुनाने विचारल्याशिवाय मत देऊ नये.

आज सकाळी तरी तिने त्याच्या टेबलापाशी जाऊन विचारलं होतं.

“साहेब, वखारीच्या जागेबद्दल बोलू का?”

“मॅडम, तुमचं काम पुकारायचं. बोलायचं न्हाय.”

“बरं,” ती म्हणाली होती.

बोली चाळीस लाखांवर गेली. दुसरा पुकारा झाला. बाकीचे गळाले, पण कोगनोळीचा भावकू हटेना. हायवेत गेलेल्या शेताचे पैसे आले होते, लेकीला, तेजस्वीला, दवाखाना काढून द्यायचा होता. त्याने एक्केचाळीस म्हटलं. मेहुण्याने साहेबांकडे बघून बेचाळीस. भावकूने त्रेचाळीस म्हटलं आणि रुमालाने मान पुसली.

हा माणूस सुनयनाच्या हिशेबात नव्हता. बोली लावणाऱ्यांच्या सह्या घ्यायचा कागद घेऊन ती पायरी उतरली आणि त्याच्यापुढे वाकली.

सही करता करता भावकूने हळूच विचारलं, “आक्का, जागा नितळ हाय न्हवं?”

तिने पेन धरलेल्या त्याच्या बोटांकडे बघितलं.

“दवाखान्याला दुसरी जागा बघा, अण्णा.”

“का वं?”

“पोरीसाठी सांगतोय. आता गप बसा.”

ती पायरीवर परतली. मेहुण्याने चव्वेचाळीस म्हटलं. भावकूने रुमाल खांद्यावर टाकला आणि तो खाली बघत बसला. नागेंद्रने सगळं बघितलं होतं. तो सुनयनाकडे बघून किंचित हसला.

तिसरा पुकारा तिने असा खणखणीत केला, की फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यानेही मान वळवली. मग ती थांबली, मनात वीस मोजेपर्यंत. कुणी बोललं नाही.

संध्याकाळी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, आज पहिल्यांदा बसा म्हटलं. टेबलावर त्या जागेवर बांधायच्या घराचा नकाशा पसरला होता. मेहुण्याचं नाव नुसतं कागदाला, घर आपलंच, असं त्याने हसत हसत सांगून टाकलं. पेन्शनीवर कर्ज काढलंय, बायकोचे दागिनेही गहाण टाकलेत. त्या कोगनोळीवाल्याला बसवलंत ते बरं केलंत, अशी माणसं ऑफिसला पाहिजेत.

“वास्तूला यायलाच पाहिजे तुम्ही.”

“येतो की.” सुनयनाने चष्मा लावला आणि नकाशा आपल्याकडे ओढला. “एकच मजला काढलाय व्हय, साहेब?”

“सध्या एकच.”

“आणि एक चढवा,” ती म्हणाली. “परत परत कुठं बांधायचंय?”